लाकडी बिजागऱ्या

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न.

‘अलोन इन द विल्डरनेस’ नावाचा माहितीपट दादाला सांगून टीव्हीवर लावून घ्या. जेमतेम तासाभराचा आहे. इंग्रजीची काळजी नको, बघायचे ते त्या माणसाचे हात.

डिक प्रेनेकी मूळचे अमेरिकेतल्या आयोवाचे, पेशानं डिझेल मेकॅनिक. 1968 साली, वयाच्या 52व्या वर्षी, अलास्कातल्या ट्विन लेक्सच्या काठी एकटे राहायला गेले. तिथे रस्ता नाही, तळ्यावर उतरणारं छोटं विमान तेवढं. राहायला केबिन स्वतःच्या हातांनी बांधली; तिच्यासाठी आदल्या उन्हाळ्यातच स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे ओंडके तोडून, सोलून ठेवले होते. हत्यारं नेली तीही बिनदांड्यांची! दांडे तिथेच तासले.

बाबा, ओंडक्यांच्या खाचा नीट बघा. ओंडका ठेवायचा, खूण करायची, उलटवून खाच काढायची, बसवून बघायचा, फट दिसली की परत उतरवायचा. तुम्ही चौकट बसवताना करायचात, अगदी तसंच. दाराच्या बिजागऱ्या लाकडाच्या, कडीही लाकडाची.

आई, ‘पण खात काय होते?’ हे तू विचारणारच. तळ्यातले मासे, रानातली बेरी, आंबवलेल्या पिठाची बिस्किटं. पेट्रोलचे पत्र्याचे डबे कापून भांडी केली होती. बाकीचा किराणा ओळखीचा वैमानिक आणून द्यायचा, टपालासकट. एकटे राहिले म्हणून लोक त्यांना संन्यासी ठरवतात, ते मला पटत नाही. पत्रं येत-जात होती, रोजची डायरी होती, त्यात हवामान, अस्वलं, कॅरिबू (तिकडची हरणं), पक्षी, सगळ्यांच्या नोंदी. जगावर रुसलेला माणूस कशाला एवढं लिहील?

चित्रणही त्यांनी स्वतःच केलंय, 16 मिलिमीटरचा कॅमेरा तिपाईवर लावून. डोंगराकडे पाठमोरे चालत लांब जाताना दिसतात ना, तेव्हा ध्यानात घ्या: कॅमेरा न्यायला तेवढंच अंतर परत यावं लागलं असणार! हे सुचल्यावर मला गंभीर दृश्यांतही हसू फुटायला लागलं.

मधल्या काही फेऱ्या सोडल्या तर जवळजवळ 30 वर्षं ते तिथेच राहिले. 1980 मध्ये तो भाग लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानात आला. ऐंशी ओलांडल्यावर ते कॅलिफोर्नियात भावाकडे गेले, 2003 मध्ये वारले. केबिन अजून उभी आहे, लोक बघायला जातात.

बाबा, बघून झालं की बिजागऱ्यांबद्दल कळवा. ओल धरून लाकूड फुगलं की दार अडकत नसेल? का त्यासाठी आधीच सैल ठेवतात?

तुमची,
धाकटी