वाघाच्या मुताला भाताचा वास: ताडोबातल्या गाईड ताईंना पत्र

आदरणीय गाईड ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्हाला न विचारता तुमचं नाव चारचौघांत टाकणं मला बरं वाटत नाही, म्हणून ते लिहीत नाही. ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, आमच्या सातवीच्या मुलांना तुम्ही फिरवलंत, एवढ्यावरून तुम्ही ओळखालच.

आधी आमच्या मुलांबद्दल सांगते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. आज देशभरातून माणसं इथे जनावरं पाहायला येतात. जंगलाला लागून राहणाऱ्या आमच्या मुलांना मात्र जनावर ठाऊक असतं ते वेगळं. रात्री हरभऱ्यात शिरणारी डुकरं, तुरीचा फडशा पाडणारे रोही (नीलगायी) आणि मोह वेचायला गेलेली आई परत येईपर्यंत जिवाला लागलेला घोर. वाघाचा विषय निघाला की घरात मोठी माणसंसुद्धा आवाज खाली आणतात. अशा मुलांना जंगलात नेऊन हसवायचं, तेही एकही गोष्ट न रचता, हे सोपं काम नाही. तुम्ही ते केलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

ते झुकलेलं ऐनाचं झाड आठवतं ना? तुम्ही मुलांना खोडाच्या आतल्या बाजूला, जिथे पावसाचं पाणी सहसा पोचत नाही, तिथे नाक लावायला सांगितलंत. आधी कुणी पुढे होईना. मग एक मुलगा गेला, त्याने वास घेतला आणि म्हणाला, "बाई, भात शिजतोय!" वाघ शेपटी वर करून मागच्या बाजूला फवारा सोडतो आणि आपली हद्द सांगतो, हे तुम्ही त्यानंतर सांगितलंत. आपण वाघाचं मूत हुंगलं हे कळल्यावर जो गलका झाला, तो थांबेपर्यंत तुम्ही शांत उभ्या होतात. मग नुसतं म्हणालात, "पोट्टेहो, वास कायचा आला थे इसरू नोका."

ताई, त्या वासामागचं रसायन मी नंतर वर्गात शिकवलं. रतनलाल ब्रह्मचारी या बंगाली शास्त्रज्ञाने वाघांच्या गंधखुणांचा अभ्यास करण्यात आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. बासमतीला ज्या २-ॲसिटिल-१-पायरोलीनमुळे सुवास येतो, तोच पदार्थ त्यांना वाघाच्या या फवाऱ्यात सापडला. फळ्यावर त्या रेणूचं एवढं लांबलचक नाव लिहिलं, तर एरवी सूत्रं पाहून डोळे फिरवणाऱ्या पोरांनी ते वहीत दोनदा उतरवून घेतलं. ज्या प्राण्याच्या नुसत्या नावाने घरात शांतता पसरते, त्याच्याबद्दल मुलं आता प्रश्न विचारतात: मादीच्या खुणेला पण तोच वास येतो का, पावसाळ्यात तो किती दिवस टिकतो?

पण सगळ्यात जास्त आभार अस्वलासाठी. फुटलेल्या वारुळापाशी तुम्ही आम्हाला थांबवलंत आणि विचारलंत, अस्वलाला वरचे समोरचे दोन दात का नसतात? कुणी म्हणालं म्हातारपणी पडतात, कुणी म्हणालं मधाने किडतात. तुम्ही मातीत बसून दाखवलंत: लांब नखांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून धूळ उडवायची, नाकपुड्या मिटून घ्यायच्या आणि ओठांचा चंबू करून दातांच्या त्या फटीतून वाळवी सुर्रकन ओढून घ्यायची. नाकपुड्या मनात येईल तेव्हा मिटता येतात, म्हणून धूळ आणि वाळवी नाकात जात नाही. तुम्ही तो ओढण्याचा आवाज काढलात आणि पाठोपाठ सगळा वर्ग ओठ पुढे काढून वाळवी खायला लागला. हसून हसून पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात आणि आपापल्या ठरलेल्या जागेसाठी भांडतात, हे ऐकल्यावर तर एसटीतल्या खिडकीवरून भांडणाऱ्या आमच्या वर्गातल्या दोन बहिणींकडे सगळ्यांनी वळून पाहिलं.

आणि मग, हसू ओसरायच्या आत, तुम्ही कामाची गोष्ट सांगितलीत. हा आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. म्हणजे आपल्याला ऐकू येतो. अस्वलाचं तोंड वारुळात असतं, स्वतःच्याच आवाजात ते गुंग असतं, त्याला आपली चाहूल लागत नाही. आपण अगदी जवळ गेल्यावर ते दचकतं आणि घाबरून अंगावर येतं. मोहाची फुलं त्यालाही आपल्याइतकीच आवडतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये पहाटे आपण आणि ते एकाच झाडाखाली भेटतो. एकट्याने जायचं नाही, बोलत जायचं, तो सुर्र आवाज आला की पळत न सुटता मागच्या मागे निघून यायचं. त्या संध्याकाळी एका मुलीने घरी आईला आणि मावशीला तो आवाज काढून दाखवला, हे तिच्या आईनेच मला सांगितलं. पुस्तकातला धडा घरी जाऊन आईला म्हणून दाखवलेला मी तरी अजून पाहिलेला नाही.

याच अस्वलाला जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ साली चक्क स्लॉथ (अमेरिकेतल्या जंगलात झाडाला लटकून राहणारा एक संथ प्राणी) समजून नाव दिलं होतं, तेही नखं आणि दात बघून. मी हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, त्याने वारूळ नसेल पाहिलं. मला ते फार पटलं.

रानकुत्र्यांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते दिसले तेव्हा तुम्ही आम्हाला बोलूच दिलं नाहीत. हे रानकुत्रे, म्हणजे कोळसुंदे, भुंकत बसत नाहीत, जंगलात पांगले की शिट्टी घालून एकमेकांना बोलावतात. शिकार झाली की आधी पिल्लं खातात, मोठे थांबतात. आणि कधीकधी मागचे दोन्ही पाय वर उचलून, पुढच्या दोन पायांवर तोल सांभाळत मुततात! हे करून दाखवायचा प्रयत्न आमच्या शाळेच्या मैदानावर अजून चालू आहे (पाय वर करण्यापुरताच, काळजी नसावी).

साळिंदराचं मात्र सविस्तर लिहायला हवं. साळिंदर बाणासारखे काटे फेकतं, असं आमच्या गावात लहानथोर सगळे मानतात. तुम्ही कुणाला खोटं पाडलं नाहीत. सांबराचं गळून पडलेलं एक शिंग तुम्ही पाचोळ्यातून उचललंत आणि मुलांच्या हातात दिलंत. त्याच्या एका टोकावर पटाशीने कोरल्यासारखे जोडीजोडीने चरे होते. साळिंदर उंदराच्या गोत्रातलं, त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. म्हणून ते शिंगं, हाडं कुरतडत बसतं, त्यातून त्याला कॅल्शियमही मिळतं. मुलांनी त्या चऱ्यांवरून बोटं फिरवली. मग तुम्ही सांगितलंत की काटा म्हणजे राठ झालेला केसच, तो सहज सुटून येतो. शत्रू समोर आला की साळिंदर शेपटीचे पोकळ काटे खळखळ वाजवतं आणि तरीही तो हटला नाही तर पाठ करून उलटं त्याच्या अंगावर धावतं. काटे त्याच्या अंगात घुसून राहतात आणि बघणाऱ्याला वाटतं की फेकले. शिंग जिथलं तिथे ठेवूनच तुम्ही पुढे निघालात, आणि एकाही मुलाने ते घरी नेण्याचा हट्ट केला नाही.

त्या पायवाटेवर तुमची एक सवय मुलांनी उचलली. काहीही सांगताना तुम्ही म्हणायच्या, "हे म्या पाह्यलं" किंवा "हे म्या आयकलं". आता वर्गात कुणी काही सांगितलं की मागच्या बाकावरून प्रश्न येतो, पाह्यलं का आयकलं? विज्ञानाच्या बाईला याहून जास्त काय हवं असतं, सांगा.

शेवटी एक विनंती. मोहाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्या गावी याल का? मुलांनी ऐकलंय, पण पहाटे झाडाखाली जाणाऱ्या त्यांच्या आया आहेत, आज्या आहेत. अस्वलाचं जे तुम्ही मुलांना सांगितलंत, तेच त्यांना सांगा, आवाजासकट. समाजमंदिरात संध्याकाळी सातनंतर सगळ्या जणी मोकळ्या असतात. नेण्या-आणण्याची सोय आम्ही करू, जेवण माझ्याकडे. तारीख तुम्ही कळवा.

आपली नम्र,
सातवीच्या मुलांची विज्ञानाची बाई