गाडी थोरल्याची, इंजिन धाकट्याचं

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय भावड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन ठेवल्यापासून मनाला चैन नाही. तू एवढं बोललास आणि मी नुसता "हं, हं" करत राहिलो. फोनवर मला काही सुचत नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे, म्हणून लिहायला बसलोय.

तू म्हणालास, "बोर्डावर दादाचं नाव, गिऱ्हाईक दादाचं, पेपरात फोटो दादाचा, आणि मी चोवीस वर्षं गाडीखाली आडवा." लेथ उचलून उद्यमनगरात वेगळा गाळा घ्यायचा म्हणतोस. यावर सल्ला द्यायचा मला अधिकार नाही. तेल-ग्रीसमध्ये हात तुझे गेले, माझे नाही. पण गेल्या शनिवारी मी एक गॅरेज बघून आलो आणि तिथं उभा असताना सारखा तूच आठवत होतास. ते तेवढं सांगतो.

आमच्याकडून गाडीनं दीड तासावर लेव्हल क्रॉस नावाचं खेडं आहे. तिथलं पेटी घराणं नॅसकारमधलं. नॅसकार म्हणजे इथल्या स्टॉक कार शर्यती. स्टॉक कार याचा मूळ अर्थ दुकानातून कुणीही घ्यावी तशीच गाडी. या पेटींनी तिथं घराशेजारी, पिकं कापायचं यंत्र ठेवायच्या शेडमध्ये, मातीच्या जमिनीवर शर्यतीच्या गाड्या बांधायला सुरुवात केली. पुढं सिमेंटच्या इमारती झाल्या, शेकडो शर्यती जिंकल्या, पण पत्ता बदलला नाही. आता त्याच जागेत संग्रहालय आहे. आत शिरल्यावर निळ्या गाड्यांची रांग दिसते. तो निळाही घरचाच बरं का. एकदा गाडी रंगवायची होती, पांढरा पुरेना आणि निळाही पुरेना, तेव्हा दोन्ही एकत्र केले. जो रंग झाला तो घराण्याचा ठरला.

बाप ली पेटी. १९ जून १९४९ ला शार्लट इथं पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर नॅसकारच्या सगळ्यात वरच्या मालिकेची पहिली शर्यत झाली. ली तेव्हा पस्तिशीचा, म्हणजे आपल्याकडं लोक असले नाद सोडतात त्या वयाचा. स्वतःची गाडी नव्हती, म्हणून कुणाची तरी ब्युइक रोडमास्टर उसनी घेतली. बायकापोरं त्याच गाडीत बसून शर्यतीला आली. लीनं ती भर शर्यतीत उलटवली. परतताना कुटुंबाला दुसऱ्याच्या गाडीत जागा मागावी लागली. थोरला रिचर्ड तेव्हा बारा वर्षांचाही पुरा नव्हता. ब्युइकच्या वजनानं घात केला हे लीनं ओळखलं. नंतर त्यानं हलकी प्लायमाउथ घेतली आणि त्याच वर्षी पिट्सबर्गजवळ पहिली शर्यत मारली. पुढं १९५४, ५८ आणि ५९ अशी तीन अजिंक्यपदं. शर्यतीच्या बक्षिसातून घर चालायचं. गाडी मोडली तर चूल अडायची, म्हणून तो जिंकण्याइतकंच गाडी धड परत आणण्याला जपायचा. तुझ्या वडिलांची "इंजिन मरता कामा नये" ही तंबी मला तिथं आठवली.

मातीवरच्या शर्यतीबद्दल थोडं सांगतो, तुला आवडेल. आमच्यापासून पाऊण तासावर हिल्सबरोला ऑकोनीची स्पीडवे म्हणून जुना ट्रॅक आहे. जवळजवळ मैलभराचा, एनो नदीच्या काठी. १९६८ साली तिथली शेवटची शर्यत झाली आणि ती रिचर्ड पेटीनं जिंकली. आता ट्रॅकच्या मधोमध उंच झाडं आली आहेत आणि लोक तिथं पायी फिरतात. प्रेक्षकांच्या सिमेंटच्या पायऱ्या अजून आहेत. मी रविवारी तिथं चालायला जातो. खालची माती लालभडक, चिकण. बोटात घेतली की तालमीतली आठवते, फक्त ताक, हळद आणि तेलाचा वास तेवढा नाही.

या मातीवर गाडी वळणात सरळ जातच नाही. मागची चाकं बाहेर घसरतात, गाडी आडवी होते, आणि चालकाला स्टेअरिंग उलट्या अंगाला धरून ॲक्सिलरेटरवर तोल सांभाळावा लागतो. सुरुवातीला पाणी मारलेली माती ओली असते, तेव्हा पकड मिळते. शंभर फेऱ्यांनंतर तीच माती घासून काळी गुळगुळीत होते, कुठं खड्डे पडतात. म्हणजे एका संध्याकाळीत रस्ता चार वेळा बदलतो. अशा ठिकाणी नुसती ताकद असलेलं इंजिन कामाचं नाही. पाय हलका केला की लगेच खाली येणारं आणि दाबला की धक्का न देता वर जाणारं इंजिन लागतं. ते बांधणारा माणूस प्रेक्षकांना कुठून दिसणार?

तर आता त्या माणसाकडं येतो. मॉरिस पेटी, रिचर्डचा धाकटा भाऊ, दोन वर्षांनी लहान. लहानपणी पोलिओ झालेला. त्यानंही गाडी चालवून बघितली, १९६० ते ६४ मध्ये पंचवीस-एक शर्यती केल्या, एकही जिंकली नाही. मग तो इंजिनकडं वळला तो वळलाच. आणि डेल इनमन हा नात्यातला भाऊ, तो गाडीची बांधणी आणि शर्यतीतले डावपेच बघायचा. गाडीत रिचर्ड, गाडीखाली हे दोघं. पोरं एकाच अंगणात वाढलेली.

लीची शिस्त कडक होती. एकवीस पुरी झाल्याशिवाय शर्यत नाही म्हणजे नाही. रिचर्डला २ जुलै १९५८ ला एकवीस पुरी झाली आणि त्याच महिन्यात टोरांटोला तो बापाच्या विरुद्ध उतरला. पोरगं वाटेत आलं तेव्हा बापानं त्याला ढुसणी दिली, पोरगं कठड्यावर गेलं आणि शर्यत बाप जिंकला. पुढच्या वर्षी अटलांटाच्या मातीच्या ट्रॅकवर रिचर्डला विजयाचं निशाण मिळालं. पहिला विजय! तोवर बापानं हरकत घेतली, की फेऱ्या मोजण्यात चूक झाली आहे. तेव्हा फेऱ्या माणसं हातानं मोजायची. पुन्हा मोजल्या आणि विजय लीला दिला गेला. समोर आई असती तरी हरकत घेतली असती, असं त्याचं म्हणणं. मला हे ऐकून आधी राग आला होता. आता वाटतं, पोराला खोट्या मोजणीचा विजय नको, असंही त्या माणसाच्या पोटात असेल. रिचर्डचा खरा पहिला विजय फेब्रुवारी १९६० मधला, शार्लटच्या अर्ध्या मैलाच्या मातीवर.

१९६१ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या डेटोनाच्या मोठ्या ट्रॅकवर एकाच दिवशी आधी रिचर्डची आणि मग लीची गाडी कठडा तोडून ट्रॅकबाहेर गेली. रिचर्ड थोडक्यात वाचला. ली महिनोन् महिने दवाखान्यात. सगळा कारभार दोन पोरांवर आला, एक तेविशीचा, एक एकविशीचा. आणि भावड्या, इथून पुढं त्यांनी जे केलं त्यातलं बरंचसं अजून कुणाला जमलेलं नाही. १९६४ मध्ये रिचर्डनं डेटोनाच्या मोठ्या शर्यतीत २०० फेऱ्यांपैकी १८४ फेऱ्या पुढं राहून शर्यत मारली. १९६७ साली ४८ शर्यतींत २७ विजय, त्यातले दहा लागोपाठ. एकूण सात अजिंक्यपदं. लोक रिचर्डला 'किंग' म्हणायला लागले. मॉरिसला ट्रॅकवरची माणसं 'चीफ' म्हणायची, पण ते फक्त इंजिनवाल्यांच्या गोटात.

मालिकेतली मातीवरची शेवटची शर्यत ३० सप्टेंबर १९७० ला इथं रॅलेच्या मैदानावर झाली. पेटींनी आपली मातीवरची गाडी आधीच विकून टाकली होती, या शर्यतीपुरती उसनी आणली. रिचर्डनं तीही जिंकली. बाप उसन्या गाडीनं मातीवर उतरला होता आणि पोरानं उसन्याच गाडीनं मातीला निरोप दिला. ऑक्टोबरात त्याच मैदानावर राज्याची मोठी जत्रा भरते. आम्ही पोरांना घेऊन दरवर्षी जातो, आकाशपाळण्यात बसतो. १९७० च्या त्या शर्यतीनंतर पन्नासहून अधिक वर्षं या मालिकेतली एकही शर्यत मातीवर झाली नाही. २०२१ ला ब्रिस्टलच्या ट्रॅकवर माती पसरून पुन्हा केली.

हे सगळं गोडच होतं असं समजू नकोस. १९६५ साली गाडी बनवणाऱ्या कंपनीचं नवं इंजिन नॅसकारनं बंद केलं, म्हणून रिचर्ड ड्रॅग शर्यतीला, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीला गेला. जॉर्जियात गाडी ताब्यातून सुटून लोकांत घुसली आणि एक आठ वर्षांचं पोर गेलं. १९७५ मध्ये टॅलाडेगाला पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाडी थांबवून दुरुस्त करायच्या जागी, पाण्याची टाकी दाबानं फुटली आणि रिचर्डच्या बायकोचा धाकटा भाऊ गेला. तो वीस वर्षांचा होता, संघातच काम करायचा. घरचा धंदा म्हणजे दुःखही घरातच राहतं, ते संध्याकाळी कारखान्यात ठेवून कुलूप लावता येत नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. १९८१ ला डेटोनाची मोठी शर्यत जिंकल्यावर लगेच डेल इनमन हे घर सोडून दुसऱ्या संघात गेला. अजिंक्यपदाच्या सात वर्षांचा जोडीदार. मग १९८३ च्या ऑक्टोबरात शार्लटला रिचर्डनं १९८ वा विजय मिळवला. शर्यतीनंतर इंजिन तपासलं. सिलिंडरांच्या एकूण आकारमानाची मर्यादा ३५८ घनइंचांची, इंजिन निघालं जवळजवळ ३८२ चं. शिवाय डावीकडचे टायर उजवीकडं, तेही नियमाबाहेर. ३५,००० डॉलर दंड झाला आणि १०४ गुण कापले. विजय तेवढा कायम ठेवला. मॉरिसनं इंजिनची जबाबदारी स्वतःवर घेतली. रिचर्ड म्हणाला, मला माहीत नव्हतं.

मी त्या संग्रहालयात या गोष्टीपाशी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. बायकोनं दोनदा हाक मारली. मॉरिसनं जे केलं ते चूकच, त्यात दोन मतं नाहीत. पण विचार कर, थोरला चाळिशी ओलांडून गेलेला, पूर्वीसारखं जिंकणं होत नाही, दोनशेचा आकडा जवळ आलेला, आणि भाऊ रात्री इंजिन बांधत बसलाय. त्यानं ती दोन डझन घनइंचं कुणासाठी वाढवली असतील?

पुढच्या हंगामात रिचर्डनं घरचा संघ सोडला. ४ जुलै १९८४ ला डेटोनाला त्याचा दोनशेवा विजय झाला. या देशाचा स्वातंत्र्यदिन, राष्ट्राध्यक्ष रेगन स्वतः हजर. यापेक्षा मोठा दिवस कुणाच्या वाट्याला यायचा? आणि त्या दिवशी गाडी परक्याची होती. बॉनेटखाली भावाचं इंजिन नव्हतं. आधीचे जवळजवळ सगळे विजय घरच्या गाडीतले, आणि नेमका हा नाही. तो फोटो भिंतीवर बघताना माझ्या घशात आवंढा आला. खोटं सांगत नाही.

१९८६ ला रिचर्ड लेव्हल क्रॉसला परत आला. इनमनही परत आला. त्यानंतर १९९२ ला थांबेपर्यंत रिचर्डनं एकही शर्यत जिंकली नाही, तरी तो घरच्याच गाडीत बसला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते लिहवत नाही. रिचर्डचा पोरगा काइल चालक झाला, त्याचा पोरगा ॲडम, म्हणजे चौथी पिढी. २ एप्रिल २००० ला ॲडमनं टेक्ससला वरच्या मालिकेतली पहिली शर्यत केली. तीन दिवसांनी पणजोबा ली गेला. १२ मे ला न्यू हॅम्पशायरला सरावात ॲडम गेला. एकोणीस वर्षांचा. घरच्यांनी त्याच्या मनात असलेली, दुर्धर आजाराच्या मुलांसाठीची छावणी २००४ मध्ये लेव्हल क्रॉसजवळच उभी केली. ती आजही चालते. २००९ च्या सुरुवातीला संघ दुसऱ्या कंपनीत विलीन झाला. साठ वर्षांत २६८ विजय.

शार्लटला नॅसकारचं मानाचं दालन आहे. २०१० ला त्यात रिचर्डचं नाव लागलं, २०११ ला लीचं, २०१२ ला डेल इनमनचं. २०१४ ला मॉरिसचं. तिथं नाव लागलेला तो पहिला इंजिनवाला. २०२० मध्ये तो गेला, पण त्याआधी त्यानं स्वतःचं नाव त्या भिंतीवर बघितलं होतं.

भावड्या, तू वेगळा गाळा घेतलास तर पहिला नारळ माझ्याकडून. पण त्याआधी एकदा, लोकांदेखत नाही, काकूंसमोर नाही, गॅरेज बंद झाल्यावर दादाशी बोल. बोर्डाचा विषय तू कधी काढलाच नाहीस, हे तूच मला म्हणालास. मी दादाला लहानपणापासून ओळखतो. २०१९ च्या पुरात पाणी शिरलं तेव्हा तुझा लेथ वर टांगायला तो गळाभर पाण्यात उभा होता, स्वतःची बुलेट खाली सोडून. हेही तूच सांगितलंस, विसरलास का?

संग्रहालयातल्या एका इंजिनाचे फोटो वेगळे पाठवतोय. हेडच्या जवळून काढलेत, तुला व्हॉल्व्ह दिसतील. दादालाही दाखव.

डिसेंबरात येतोय, पंधरा दिवस. वडिलांच्या त्या जुन्या जीपचं इंजिन उतरवायचं म्हणत होतास ते मी येईपर्यंत थांबव. पाने द्यायला मी, उतरवायला तू आणि दादा.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बंडू