जिन्यावरून पडले नव्हते

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, माझ्या कोपराला लागलं ते जिन्यावरून पडून नाही. व्हिडिओ कॉलवर तुला पट्टी दिसली, तू विचारलंस, आणि माझ्या तोंडात पहिला शब्द जिना आला. मग तोच पुढे रेटला. दादाला खरं माहीत होतं, पण त्याला मीच गप्प बसवलं होतं, तेव्हा त्याच्यावर चिडू नकोस. मी सायकलवरून पडले. गेले सात महिने मी पुन्हा सायकल चालवते आहे, आणि तीही रस्त्यावर नाही, डोंगरात. हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू अर्ध्यातच "अगं, पण या वयात?" म्हणाली असतीस, बाबांनी मागून "काय म्हणतेय?" विचारलं असतं आणि मी "काही नाही" म्हणून फोन ठेवला असता. म्हणून पत्र. पत्रात कुणाला मध्ये बोलता येत नाही.

तशी ही हौस नवी नाही. कॉलेजात शिकवण्यांच्या पैशांतून घेतलेली ती जाड टायरांची सायकल आठवते ना? बाबा, तुम्ही तिला ट्रॅक्टर म्हणायचात. नोकरी, लग्न, मुलं यांत ती तुमच्या जिन्याखाली पडून राहिली आणि एक दिवस तुम्ही ती कुणाला तरी देऊन टाकलीत, मला न विचारता. त्याचा राग मी बरीच वर्षं मनात ठेवला होता, तोही आज सांगून टाकते. राग सायकल गेल्याचा नव्हता. "तू आता कुठे चालवणार आहेस?" असं तुम्ही म्हणालात आणि मला उत्तर देता आलं नाही, त्याचा होता.

सात महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीने घरातली जास्तीची सायकल हातात दिली आणि म्हणाली, एकदा ये तर खरी. पहिल्याच चढाला दहा मिनिटांत उतरले आणि ढकलत निघाले. छातीत नुसता भाता चाललेला. पण माथ्यावरून खाली यायला लागले आणि हात आपोआप ढिले झाले, कोपरं बाहेर गेली, बूड सीटवरून उठलं. एकदा शिकलेली सायकल माणूस विसरत नाही म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. तोल आठवतो. ताकद आठवत नाही. आणि आपण किती वेळा आपटलो होतो ते तर मुळीच आठवत नाही. पंचविशीतली हिंमत 44 वर्षांच्या गुडघ्यांनी उसनी घेतली, तिथेच सगळा घोळ झाला. दोन महिन्यांनी मी स्वतःची सायकल घेतली. जुनीच, एकाने वापरलेली.

बाबा, आता जरा तुमच्यासाठी. पुढे दात्यांचं चक्र एकच आहे, मागे बारा, आणि त्यातलं सगळ्यात मोठं 51 दात्यांचं, जेवणाच्या ताटाएवढं नाही पण ताटलीएवढं नक्की. उभ्या चढालाही पाय फिरत राहतात, मग वेग चालण्याइतका का असेना. चाकं 29 इंची, माझ्या ट्रॅक्टरची 26 होती. मोठं चाक दगडावर अडत नाही, चढून जातं. ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात, एका बोटाने लागतात. हँडलवरची एक कळ दाबली की सीट खाली जाते, म्हणजे उतारावर अंग मागे-खाली न्यायला जागा होते. आणि टायरमध्ये ट्यूबच नाही. आत पांढरा चीक ओतलेला असतो, काटा लागला की तोच भोक बुजवतो.

एका गोष्टीवर मात्र आपलं भांडण होणार. तुम्ही टायर टणक होईपर्यंत हवा भरायचात आणि टिचकी मारून आवाज ऐकायचात. मी पुढे 22 आणि मागे 25 पीएसआय (पंपावरचे हवेच्या दाबाचे आकडे) ठेवते. तुमच्या हिशेबाने हे पंक्चरच झालं. पण टायर मऊ असला तर दगडाला, मुळाला बिलगतो, टणक असला तर उडतो. अंगठ्याने दाबून बघाल तेव्हा लगेच पंप शोधू नका.

या सायकलींचा जन्मही तुम्हाला आवडेल असा आहे. कॅलिफोर्नियात मरिन नावाचा भाग आहे. तिथली काही पोरं सत्तरच्या दशकात 1930-40 सालातल्या जुन्या, जाड टायरांच्या जड सायकली मिळवायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. 21 ऑक्टोबर 1976 ला त्यांनी पहिली शर्यत लावली. उतार सुमारे सव्वातीन किलोमीटर. ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, पेडल उलटं फिरवलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत तो हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, पडलं. 1977 मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी फ्रेम बांधली. 1981 पासून अशा सायकली कारखान्यांतून निघू लागल्या आणि 1996 मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये गेला. वीस वर्षांत ग्रीसच्या धुरापासून पदकापर्यंत.

पण त्याच मरिनमध्ये पुढे बऱ्याचशा अरुंद पायवाटांवर सायकलींना मज्जाव झाला. पायी फिरणारे आणि घोडेस्वार वैतागले होते. रुंद रस्त्यांवर ताशी 15 मैल आणि आंधळ्या वळणावर 5 मैल अशी वेगमर्यादा आली. पूर्वी हे वाचलं असतं तर मी सायकलवाल्यांची बाजू घेतली असती. आता घेत नाही. का, ते पुढे येतंय. आधी कोपर.

पडले ती चूक अगदी शाळकरी होती. उताराचं वळण, वर सुटी खडी, आणि वळणाच्या तोंडाशी एक दगड. मी त्या दगडाकडे बघत राहिले. जिकडे नजर, तिकडे सायकल, हे पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं, तरी बघत राहिले. मग घाबरून वळणाच्या ऐन मध्यात पुढचा ब्रेक आवळला. बाबा, लहानपणी तुम्ही बजावायचात, पुढचा ब्रेक लावू नकोस, तोंडावर पडशील. खरं सांगायचं तर थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. ब्रेक लागला की सगळा भार पुढे येतो, मागचं चाक हलकं होतं, आणि ते नुसतं फरफटतं. पण हे सरळ वाटेवर. वळताना टायरची सगळी पकड वळण्यात खर्च होत असते, तिथे ब्रेकला द्यायला काही उरत नाही. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा आणि वळणात सोडायचा. तेव्हा त्या दिवसापुरतं तुमचंच खरं ठरलं. चाक बाजूला निसटलं आणि मी कोपरावर उतरले. खरचटलं, चार दिवस सुजलं, हाड शाबूत. डॉक्टरांनी फोटो काढून खात्री केली आहे.

हे सांगायला पत्र लागलं नसतं. दुसरी गोष्ट अवघड आहे.

पडण्याच्या दोन आठवडे आधीची. मी एकटी होते, उतार ओळखीचा झाला होता, आणि ओळखीच्या उतारावर माणूस शेफारतो. आंधळ्या वळणावर घंटी वाजवली नाही. वळले तर समोर, म्हणजे अगदी सात-आठ हातांवर, एक वयस्कर जोडपं. पाठमोरं. आजोबांच्या हातात काठी होती. मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले, मागचं चाक फरफटत आडवं झालं, आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबले. आजोबांनी काठी टाकून दिली होती आणि आजींच्या पुढे हात आडवा धरून त्यांना दरडीला दाबून धरलं होतं. कुणी काही बोलेना. मग आजी म्हणाल्या, "अहो, आम्हाला ऐकूच आलं नाही हो."

चूक माझी, आणि माफीचा सूर त्यांचा.

मी काठी उचलून दिली, चार वेळा माफी मागितली, पण आजोबांचे हात थरथरत होते ते काही थांबेनात. बाबा, तुम्हाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मागून कुणी हाक मारली की तुम्ही आधी थबकता, मग भलत्याच बाजूला वळता. आई तुमची बाही धरून ओढते. हे मी शंभर वेळा पाहिलं आहे आणि शंभर वेळा हसले आहे. त्या वाटेवर तुम्ही दोघं असतात तर?

तेव्हापासून माझं चालवणं बदललं, असं म्हणणार नाही, कारण दोन आठवड्यांनी तरीही पडलेच. पण माणसांच्या बाबतीत बदललं. हँडलला आता एक छोटी घंटा लटकवली आहे, उतारावर ती सायकलच्या हिसक्यांनी आपोआप किणकिणत राहते. दिसेल तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवते. माणूस दिसला की लांबूनच हळू होते, वाट अरुंद असेल तर पाय टेकवून उभी राहते आणि त्यांना जाऊ देते. मागून "डावीकडून येतेय!" असं ओरडायची पद्धत आहे, ती मी सोडली. वयस्कर माणूस ‘डावीकडे’ एवढंच ऐकतो आणि नेमका डावीकडे सरकतो. त्यापेक्षा "नमस्कार, मागे सायकल आहे, सावकाश होऊ द्या" हे बरं. घोडा आला तर खाली उतरायचं, उताराच्या बाजूला उभं राहायचं आणि त्याच्याशी काहीतरी बोलायचं, म्हणजे हे चाकांचं जनावर नसून माणूस आहे हे त्याला कळतं. पहिल्यांदा घोड्याशी काय बोलावं ते सुचेना, मी त्याला वेळ विचारली. चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्याने वाट द्यायची, कारण चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा निघणं फार जड जातं. हे सगळे नियम वाटेच्या तोंडाशी फलकावर छापलेले असतात. मी ते आधीही वाचले होते.

त्या फरफटीची एक खूण अजून वाटेवर आहे. जागेवर थांबून पाहिली. हातभर लांब चर, वरची कडक माती उखडलेली. आता पावसाचं पाणी तीच वाट धरणार, चर खोल होणार, मग लोक ती टाळायला कडेने जाणार आणि वाट रुंद होत जाणार. मूठभर मातीत एवढं सगळं. म्हणून चाक फरफटवत वळणं, जे मला कॉलेजात फार शौर्याचं वाटायचं, ते बंद. नागमोडी वळणं मधूनच कापणं बंद. डबकं आलं तर कडेने नाही, सरळ मधून, मग बूट भिजोत. आणि माती टायरला चिकटायला लागली, मागे चाकाची खोल रेघ उमटायला लागली, की परत फिरायचं, कितीही लांबून आलेलो असलो तरी. हा नियम मला सगळ्यात जड जातो. पाऊस होऊन गेल्यावरचा वास येतो ना, तेव्हाच नेमकं जावंसं वाटतं.

आई, तुझे प्रश्न मला पाठ आहेत. हेल्मेट असतं, घराच्या दारातून निघतानाच डोक्यावर. बाबा हसतील, पण त्याच्या आत थर्माकोलच्याच जातीचा फेस असतो. तो चिरडतो म्हणून डोकं वाचतं, आणि एकदाच चिरडतो. पडले त्या दिवशी माझं हेल्मेट दगडाला घासलं होतं. दिसायला धड होतं, तरी बदललं. गुडघ्याचे पॅड असतात. कोपराचे नव्हते, आता आहेत. पिशवीत पाणी, पट्ट्या, पंप, चेन जोडायची कडी, हत्यारांचा छोटा जुडगा आणि शिट्टी. कानात गाणी नसतात. वाट बंदचा फलक असेल तर आत जात नाही. सहसा दोघी-तिघी असतो, आणि एकटीने जायचं झालं तर कुठून जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार ते घरी लिहून ठेवते. उडी मारायचे ओंडके, फळ्या असतात, त्यांवरून मी अजून जात नाही. उतरून, सायकल हातात धरून, बाजूने जाते. मागून येणारी विशीतली पोरं बघतात. बघू देत.

‘कशासाठी?’ हाही तुझा प्रश्न असणार. त्याचं नीट उत्तर आजही माझ्याकडे नाही. आठवडाभर माझ्या डोक्यात एका वेळी दहा गोष्टी असतात. उतारावर एकच असते, पुढचं वळण. तेवढा वेळ बरं वाटतं.

आता व्यवहाराचं. मी दर रविवारी सकाळी जाते. अकरापर्यंत घरी पोचून तुम्हाला फोन करीन. अकराला नाही आला तर बारापर्यंत थांबा. चाक बसलं असेल, किंवा कुणाचं तरी पंक्चर. बारानंतर दादाला फोन करा, त्याच्याकडे सगळ्या वाटांची यादी आहे. अकरा वाजून पाच मिनिटांनी करू नका, आई.

आणि बाबा, पुढच्या महिन्यात याल तेव्हा एक काम आहे. मागचा ब्रेक ओला झाला की किंचाळतो. मी पॅड काढून घासले, डिस्क पुसली, तरी जात नाही. डिस्क किंचित वाकली आहे असा मला संशय आहे, पण डोळ्याला दिसत नाही. तुम्ही चाक फिरवून कान लावा. उजवा.

तुमची,
धाकटी