जलदुर्गांच्या फलकांवर जकातही येऊ द्या

संपादक महोदय,

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी. तिथल्या माहितीफलकांवर तटबंदी, तोफा आणि लढायांच्या तारखा यांपलीकडे सहसा काही नसते. आरमार पोसले कशावर, हे सांगितल्याशिवाय हे किल्ले नेमके त्या जागी का आहेत तेच उमगत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र, म्हणजे मराठा राज्यकारभाराची नीती सांगणारा ग्रंथ, याबाबत अगदी रोखठोक आहे. आरमाराचा तनखा (खर्चाची रक्कम) मुलखातून नेमून द्यावा, बंदराच्या पैदास्तीवर (उत्पन्नावर) नेमू नये. कारण व्यवहारी आहे: खलाशांचा पगार बंदरातूनच काढायचा ठरला की अंमलदार सावकाराच्या मालावर हात टाकणार, सावकार दुसरे बंदर धरणार, आणि पुढच्या हंगामात जकातही नाही नि पगारही नाही. लाकडाचेही तसेच. आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या कामाचे खरे, पण त्याला हात लावायचा नाही, कारण रयतेने ती झाडे लेकरासारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावे.

शिवाजी महाराजांचे १६७१ चे कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेले मिठाचे पत्र तर फलकावर हवेच. बारदेशचे, म्हणजे पोर्तुगीज मुलखातले, मीठ स्वस्त पडू लागले की व्यापारी तिकडे वळणार आणि स्वराज्यातल्या संगमेश्वराकडच्या मिठाची विक्री बसणार. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात घ्या, असा तो हुकूम. संरक्षक जकातीचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्याकडे असताना ते शाळेच्या पुस्तकातही क्वचितच दिसते!

जहाजांबद्दलही थोडे. गुराब हे मराठा आरमाराचे मोठे लढाऊ जहाज, दोन-तीन डोलकाठ्यांचे, उथळ बुडाचे. नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, तोफा थेट समोर मारा करत. वारा पडला की वल्ह्यांची गलबते तिला ओढून नेत. उथळ बुडामुळे खाडीत शिरता येई, पण भर समुद्रात, जोराच्या वाऱ्यात, युरोपीय जहाजाच्या बाजूच्या तोफांपुढे तिचा निभाव लागणे कठीण. म्हणून लढाई किनाऱ्यालगत आणि किल्ला खाडीच्या तोंडाशी. विजयदुर्ग वाघोटण खाडीवर आहे, तो यासाठीच.

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे दस्तक (पैसे भरून घ्यायचा परवाना) घेतल्याशिवाय व्यापारी जहाज जाऊ देत नसत. इंग्रज मात्र देशी व्यापाऱ्यांचा मालही आपल्या झेंड्याखाली फुकट नेऊ पाहत. दस्तकाची हीच पद्धत पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाने आधी रुळवली होती. आंग्र्यांनी वापरली तेव्हा ती चाचेगिरी ठरली. आपल्या फलकांनी तरी तो शब्द उचलू नये.

शेवटी १७५६. पेशवे आणि इंग्रज कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्र्यांविरुद्ध एक झाले, फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि पेशव्यांशी झालेल्या करारात बाणकोटचा किल्ला इंग्रजांकडे गेला. मात्र ‘येथे मराठा आरमार संपले’ असे लिहिणे चूक आहे. त्याच विजयदुर्गाहून पेशव्यांचे आरमार धुळप घराण्यातल्या सरदारांच्या हाताखाली चालले आणि १७८३ मध्ये त्यांनी ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडले. संपला तो दस्तकाचा दरारा, आणि तो संपवायला आपण इंग्रजांना हातभार लावला, एवढे फलकावर लिहायला हरकत नसावी.

– एक वाचक