आपलं पोतं

पुणे,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय मॉनिटरबाई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दिवाळी तोंडावर आली की शाळेतून फोन येतोच, "बालगृहाच्या फराळाचं तुम्हीच बघा, तुम्हाला सगळं ठाऊक आहे." मला काय ठाऊक होतं ते ऐक आता.

शनिवारचा तो डालड्याचा डबा आठवतो ना? प्रार्थना झाली की रांगेनं पुढं जायचं, घरून आणलेलं मूठभर धान्य आत सोडायचं, आणि तू वहीत फुली मारायचीस. मूठ झाकलेली हवी, कुणी काय आणलं ते कुणी बघायचं नाही, हे बाईंचं फर्मान. मुष्टिफंड! बाई पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट सांगायच्या, हिंगण्याच्या विधवांच्या आश्रमासाठी त्या वर्गणी मागत कुठंकुठं फिरल्या त्याची. मग अण्णासाहेब कर्वे यायचेच. १९०० साली त्यांनी हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली आणि रोज चालत फर्ग्युसनला शिकवायला यायचे. ऐकताना वाटायचं, आपल्या मुठीवरही तसंच काहीतरी मोठं चाललंय.

सगळ्या वर्गांचे डबे मग एकाच पोत्यात रिकामे व्हायचे. गहू, तांदूळ, ज्वारी, कुणाची मूगडाळ. पोतं टांग्यात घालून शिपाईमामा बालगृहात पोचवून यायचे.

परवा बालगृहात गेले, तर अधीक्षक बाईंच्या खोलीत आपल्याच वयाच्या एक बाई बसलेल्या. तिथंच वाढलेल्या, आता स्वतःचं पोळीभाजी केंद्र चालवतात. मी शाळेचं नाव सांगितलं तशा खो खो हसल्या. "म्हणजे ते पोतं तुमचं! अहो, आमचे सगळे रविवार खाल्लेत तुम्ही."

दर रविवारी ओसरीवर चार पराती मांडून मुली ते धान्य निवडायच्या. गहू एका परातीत, तांदूळ दुसऱ्या, डाळ सुपात. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. "मिलो मात्र सोपी हो, ती परदेशी ज्वारी, लाल असायची, पटकन दिसायची." मी मान खाली घातली. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्याकडे रेशनची मिलोच शिजायची. आई तीच मुठीत द्यायची. मूठ झाकून टाका, या फर्मानाचा मला केवढा आधार होता, तुला कधी बोलले नाही.

पाचवीनं गहू आणा, सहावीनं तांदूळ, सातवीनं डाळ. एवढं ठरवलं असतं तरी त्या मुलींचे रविवार वाचले असते. पण पोत्याचं पुढं काय होतं हे आपण कुणीच कधी विचारलं नाही. तू नाहीस, मी नाही, बाईंनीही नाही. आणि मी तर पुढं तिथंच तीस वर्षं शिकवलं!

म्हणून या खेपेला फराळाचं बोलण्याआधी अधीक्षक बाईंना सरळ विचारलं, काय हवंय? म्हणाल्या, "लाडू नकोत. दिवाळीच्या आठवड्यात इतके येतात की मुलांची पोटं बिघडतात. जूनमध्ये कुणी फिरकत नाही." फोटोही नकोत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातल्या ७४ व्या कलमानं या मुलांची ओळख छापायला बंदी आहे. शाळेत हे सांगितल्यावर दोन चेहरे पडले, कारण स्मरणिकेचं मुखपृष्ठ गेलं. मला मनातून बरंच वाटलं.

त्यांना खरी काळजी अठरा पूर्ण होणाऱ्या मुलींची. अठरा झाली की बालगृह सुटतं. पुढं एकवीसपर्यंत मदतीची सोय कायद्यात आहे, पण कागद हलेपर्यंत मुलीनं राहायचं कुठं? खोलीची अनामत, गादी, शेगडी, बसचा पास, इथपासून सुरुवात. यंदा अशा दोघी आहेत. एकीला नर्सिंगला जायचंय. राज्यानं २०१८ पासून अनाथांना १ टक्का आरक्षण दिलंय, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि तिच्या फायलीत एका कागदावर जन्मतारीख वेगळी, दुसऱ्यावर नाव वेगळं.

अनामतीचं मी आपल्या बॅचकडून जमवते. तुझ्याकडून पैसे नकोत, तू ये. तहसील कचेरीत जन्म काढलायस, कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो हे तुझ्याइतकं आमच्यात कुणाला कळतं? दिवाळीनंतर चार दिवस काढ. माझ्याकडेच उतर, गुडघ्यांमुळे जिना नको म्हणशील तर आता लिफ्ट आहे.

आणि हो, निघताना त्या बाई म्हणाल्या, "एका वर्षी कुणीतरी आंबेमोहोर द्यायचं. निवडताना वासानंच कळायचं. आम्ही तो बाजूला काढून साठवायचो आणि महिन्यातून एकदा त्याचा भात करायचो." आपल्या वर्गात आंबेमोहोर कुणाच्या घरी शिजायचा, हे मला नेमकं आठवतंय. वासानं मलाही कळायचं, मी रांगेत तुझ्या मागंच असायचे.

ये लवकर. गाडी कळव, घ्यायला येते.

तुझीच,
बाकावरची शेजारीण