सळई किती स्टारची?

मा. संपादक, स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात स्वीडनच्या हिरव्या पोलादावर लेख आला होता. कोळशाऐवजी हायड्रोजन लावून लोखंड काढायचं, लुलेओला 2020 मध्ये पायलट प्लँट सुरू झाला, 2021 ला पहिला माल व्होल्वोला दिला, सगळं बरोबर आहे, कौतुक पण वाटलं. फक्त मी 20 वर्षं जालना एमआयडीसीत इंडक्शन भट्टीवर (विजेवर लोखंड वितळवणारी भट्टी) मेल्टर होतो, त्यामुळे माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो असा की लाईट कुठली?

हिशोब साधा आहे. एक टन लोखंडाला 50-55 किलो हायड्रोजन लागतो आणि पाण्यातून एक किलो काढायला 50 युनिटच्या वर लाईट जाते. आपल्या ग्रिडची लाईट जास्त करून कोळशाची, एका युनिटमागे जवळपास 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. करा गुणाकार, पावणेदोन-दोन टन येतात. आणि जगात आज एक टन पोलादामागे सरासरी निघतो तोच मुळी 1.9 टन! म्हणजे कोळसा भट्टीत न जाळता वीजघरात जाळला, एवढाच फरक. स्वीडनकडे धरणांची आणि अणुवीज आहे म्हणून त्यांना ते शोभतं.

आता आमच्याकडचं बघा. नुसतं भंगार वितळवायला टनाला 550-600 युनिट, म्हणजे याच ग्रिडवर 400 किलोच्या आसपास, त्यात रोलिंगचं, म्हणजे लाटून सळई करायचं, थोडं धरा. मग जालन्याची सळई आधीच हिरवी झाली की! पण तसं नसतं, कारण भट्टीत नुसतं भंगार जात नाही, स्पंज (खनिजातून न वितळवता काढलेलं कच्चं लोखंड) पण जातो. भंगार महाग झालं की स्पंज वाढतो, शिवाय भंगारात मोटारी-वायरींचं तांबं येतं, ते एकदा वितळलं की निघत नाही, ते पातळ करायला पण स्पंजच घालतात. हा स्पंज चंद्रपूर, छत्तीसगडकडच्या फिरत्या किल्नमध्ये दगडी कोळशावर बनतो. धूर तिकडे, सळई इकडे, आणि भट्टीवाला म्हणतो आमची तर इलेक्ट्रिक आहे साहेब. स्पंज जास्त घातला की स्लॅग (वर तरंगणारी मळी) वाढतो, युनिट पण वाढतात, हे तर प्रत्येक मेल्टरला हीट, म्हणजे एक घाणा, काढताना कळतं.

गॅसवर पण स्पंज बनतो, आपल्याच रायगडात डोलवीला बनतो, कोळशाच्या किल्नपेक्षा त्यात कार्बन बराच कमी, आणि पुढे हायड्रोजन स्वस्त झालाच तर अशाच प्लँटमध्ये तो गॅसबरोबर मिसळता येतो. पण गॅस बाहेरून आणावा लागतो, भाव परवडत नाही, म्हणून गाडी परत कोळशावर.

अजून एक, जे मला कायम खटकायचं. सीसीएमवरून (वितळलेलं पोलाद सलग ओतायचं मशीन) लाल बिलेट, म्हणजे पोलादाचा लांब चौकोनी ठोकळा, निघतं, ते सरळ रोलिंगला पाठवता येतं, बऱ्याच मिल आता पाठवतात पण. पण जिथे भट्टी एकीकडे नि मिल दुसरीकडे तिथे ते यार्डात थंड करायचं आणि दुसऱ्या दिवशी परत कोळसा जाळून लाल करायचं. दूध असं दोनदा तापवलं असतं तर आमच्या आईनं चिमटा फेकून मारला असता.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. 12 डिसेंबर 2024 ला पोलाद मंत्रालयाने ग्रीन स्टीलची व्याख्या आणली, टनाला कार्बन डायऑक्साइड 2.2 टनांच्या आत असेल तर ग्रीन, 1.6 च्या आत असेल तर पाच स्टार. आता 2.2 म्हणजे जगाच्या सरासरीच्याही वरच (मोजायची पद्धत थोडी वेगळी आहे, तरी पण), आपली सरासरी अडीचच्या आसपास आहे म्हणून ते ग्रीन. ठीक आहे, सुरुवात म्हणून चालेल. पण स्टार मागतं कोण? युरोपने जानेवारी 2026 पासून कार्बनचा कर लावला, त्याची धास्ती मोठ्या निर्यातवाल्या कंपन्यांना. जालन्याची सळई जाते आपल्याच पुलांत, शाळांत, घरकुलांत. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारी बांधकामाच्या टेंडरमध्ये सळईचे स्टार विचारा, पाच नको, निदान तीन तरी. मोठी गिऱ्हाईकं सरकारचीच आहेत, त्यांनी विचारलं की भट्टीवाला आपोआप भंगार वाढवेल आणि बिलेट गरम असतानाच मिलला पाठवेल, त्याला स्वीडनला जायची गरज नाही.

मागच्या महिन्यात पुतण्याच्या स्लॅबसाठी सळई घ्यायला गेलो, दुकानदाराला मुद्दाम विचारलं किती स्टारची आहे. तो म्हणाला, काका स्टार फ्रिजला असतात, तुम्हाला ताकदीचा ग्रेड 500डी पाहिजे का 550डी ते बोला.

550डी घेतली.

आपला,
एक निवृत्त मेल्टर, जालना