वनमंत्री साहेब, मोह वेचणाऱ्या बायकांनाही बफरमध्ये मोजा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या एका गावचा. नोकरीमुळे नागपूरला असतो, पण एप्रिलमध्ये गावी चक्कर होतेच. तेव्हा अंगणात, छपरीत, जिथे जागा मिळेल तिथे मोहफुलं वाळत घातलेली असतात. मला तो वास आवडतो, बायकोचं डोकं दुखतं.

माझी मोठी आई, वय साठीच्या पुढे, पहाटे टोपली आणि बॅटरी घेऊन निघते. मोह रात्रीपासून गळायला लागतो आणि उजाडेपर्यंत थांबलं तर गुरं, हरणं, अस्वल आधी हात मारून जातात. झाडाखाली पोचली की ती कंबरेत वाकते ते दोन-तीन तास वाकलेलीच. एकेक फूल चिमटीत उचलायचं, ओलं, मऊ, बोटं चिकट होतात. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो हे फॉरेस्टवालेच सांगतात. मी म्हटलं नको जाऊ या वर्षी, तर म्हणाली, "जाऊ नोको तं खाऊ का? मोह का माह्यासाठी थांबते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहितोय.

दर उन्हाळ्यात तीच बातमी येते, मोह वेचायला गेलेली बाई ठार, तेंदूपत्ता तोडायला गेलेला इसम ठार. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मग पंचनामा, २५ लाखांची मदत, आणि गावात सूचना की जंगलात जाऊ नका. मदत वाढवली हे चांगलंच केलं, नाही म्हणत नाही. पण "जाऊ नका" हे काही धोरण नाही ना साहेब. सत्तर पानांचा एक पुडा, असे शेकड्याने पुडे बांधून फळीवर, म्हणजे पानांच्या खरेदी केंद्रावर द्यायचे तेव्हा पावसाळ्याआधी हातात पैसे येतात, त्यातूनच बियाणं, खत, पोरांची पुस्तकं. ते सोडून घरी बसणारा माणूस मला दाखवा.

आणि त्याच वेळी, त्याच जंगलात, सकाळी गेटवर जिप्स्यांची लाईन लागलेली असते. माझा पर्यटनाला विरोध नाही, गावातली पोरं गाईड झालीत, ड्रायव्हर झालीत. पण जिप्सीसाठी वेळ ठरलेली, रूट ठरलेला, सोबत गाईड, मंगळवारी सुट्टी. मोहाला मंगळवार माहीत नाही. वेचणाऱ्यांसाठी काय ठरलेलं आहे? वाघ काल रात्री कुठे होता हे सफारीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, मोठ्या आईकडे साधा फोन आहे.

२००६ मध्ये वन्यजीव कायद्यात जी दुरुस्ती झाली त्यात बफर म्हणजे माणूस आणि वन्यप्राणी सोबत राहतील, लोकांच्या उपजीविकेचे हक्क मानले जातील अशी जागा, असं स्पष्ट आहे. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्यात मोह, तेंदू, बांबू, मध, लाख यावर गोळा करणाऱ्यांची मालकी दिली आहे. म्हणजे मोठी आई जंगलात घुसखोर नाही, कायद्याने तिथली हक्कदार आहे. आणि तसंही ताडोबा हे नाव ज्या तारूवरून पडलं तो वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख अशी आमच्याकडची गोष्ट आहे, तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे. इथल्या माणसाला वाघ काय ते सांगायला नको.

आमची चूकही कबूल करतो. मोहाखाली पालापाचोळा जाळतात, फुलं नीट दिसावी म्हणून, आणि तो वणवा कधी कधी जंगलाच्या अख्ख्या कंपार्टमेंटभर पसरतो. पण याला उपाय आहे, झाडाखाली जाळी बांधली की फुलं जाळीत पडतात, पाला जाळायला नको, वाकायला नको आणि अंधारात जायलाही नको, ऊन चढल्यावर चार जणींनी मिळून जाऊन गोळा करायची. काही ठिकाणी अशा जाळ्या दिल्यात, पण दोन-चार गावांत वाटून फोटो काढण्यापुरत्या नकोत, बफरमधल्या प्रत्येक गावाला हव्यात. गावोगावी पीआरटीची, म्हणजे वाघ गावाजवळ आला की आधी धावणाऱ्या प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरं आहेतच, त्यांना मोहाच्या या दोन महिन्यांचं मानधन द्या, संध्याकाळी वाघाची खबर त्यांनी भोंग्यावरून गावभर सांगावी, उद्या कोणत्या बाजूला जायचं नाही ते ग्रामसभा ठरवेल.

ग्रामसभेला जमेल का असं कोणी म्हटलं तर आपल्याच जिल्ह्यातलं पाचगाव बघा, गोंडपिपरी तालुक्यातलं. २०१२ ला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल सांभाळायचा आणि वापरायचा हक्क मिळाला, बांबू स्वतः विकतात, आणि तेंदूसाठी झाडं छाटावी लागतात, आग लावली जाते म्हणून त्यांनी तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक गावाला ते परवडेल असं नाही, आमच्या गावाला तर नाहीच परवडणार. पण हक्क हातात असेल तर लोक पुढचा विचार करतात. म्हणून बफरमधले जे सामूहिक दावे अजून पडून आहेत ते आधी निकाली काढा.

एक शेवटचं, जाळ्यांचं टेंडर काढणार असाल तर दिवाळी झाली की लगेच काढा. मोह मार्चमध्ये गळायला लागतो. जाळ्या मे महिन्यात आल्या तर लोक त्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतील.

आपला,
बफरमधल्या गावचा एक मुलगा